थारोळ्यातलं पाणी

मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाला ‘थारोळे’ हा शब्द ठाऊक नाही असं सहसा होत नाही. तो कुठे भेटणार हेही ठरलेलं असतं. जिल्ह्याच्या पानावर, बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीत, अमुक इसम रक्ताच्या थारोळ्यात पडलेला आढळला. शाळेत असल्यापासून मी हे वाचत आले. दुधाचं, तेलाचं, पाण्याचं थारोळं झाल्याचं कधी वाचल्याचं आठवत नाही. थारोळं म्हणजे रक्ताचंच. ‘रक्ताच्या’ म्हटलं की मागून ‘थारोळ्यात’ आलंच पाहिजे, इतकी ती जोडी पक्की. या शब्दाला स्वतःचा असा काही अर्थ असेल, तो रक्ताच्या आधी दुसऱ्या कुठे राहत असेल, असा प्रश्न मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडला नव्हता. आणि माझा तर धंदाच शब्दांचा.

प्रश्न पडला तो एका कन्नड कादंबरीमुळे. (मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत या साहित्यप्रकाराला ‘कादंबरी’ म्हणतात, बाणभट्टाच्या नायिकेवरून. हिंदी आणि बंगाली ‘उपन्यास’ म्हणतात. शेजारधर्म म्हणतात तो असा.) कादंबरीत पहाटेचा प्रसंग होता. बैल जुंपलेत, कपिले चालू आहे, विहिरीतून पाणी वर येतंय आणि एक मुलगा ते पडतं तिथे वाकून तोंड धुतोय. कपिले म्हणजे आपली मोट, एवढं मला माहीत होतं. मोटेला गुजरातीत कोस म्हणतात, हिंदीत चरस किंवा पुर, तमिळमध्ये कवलै. चामड्याच्या पिशवीने आणि बैलांच्या जोरावर पाणी उपसण्याची ही तऱ्हा देशात दूरवर होती आणि ठिकठिकाणी तिला आपापलं नाव होतं. अडलं ते पुढे. पाणी पडतं त्या दगडी जागेला काय म्हणायचं? आधी ‘हौद’ लिहिलं. हौद फार मोठा आणि शहरी वाटला. ‘टाकं’ लिहून पाहिलं, ते डोंगरावरच्या किल्ल्यात गेलं. ‘कुंड’ तर थेट देवळात जाऊन बसलं. शेवटी कराडजवळच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या मामाला फोन लावला. मामा ऐंशी ओलांडलेला. लहानपणी त्याने मोट हाकलेली आहे.

“मामा, मोटेचं पाणी वर आलं की जिथं पडतं, त्या दगडी हौदाला काय म्हणायचं?”

“हौद कशाला म्हणायचं? थारोळं म्हणायचं.”

“थारोळं? ते तर रक्ताचं असतं ना?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाला, “आगं, मोटंनं रक्त कोण वततंय?”

त्यानंतर तो पाऊण तास बोलत होता आणि मी वही भरत होते. मोटेचा जाड दोर तो नाडा, बारीक तो सोल. बैल ज्या उतारावरून जातात ती धाव. थारोळ्यातून निघतो तो पाट, पाटातून वाफ्याकडे जातो तो दंड, आणि एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायचं म्हणजे दारं धरायचं. यातले निम्मे शब्द मला येत होते असं मला वाटत होतं. ‘धाव’ मला क्रिकेटमधली येत होती. ‘नाडा’ परकराचा येत होता. ‘मोट’ तर रोज राजकारणाच्या पानावर बांधली जाते, विरोधकांची. पण ती गाठोड्याची मोट, विहिरीची नव्हे, हेही त्या दिवशी नीट कळलं.

मोटेचं यंत्र मामाकडून समजून घेतलं ते इथे थोडं सांगते, कारण त्याशिवाय थारोळं दिसणार नाही. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिला खाली हत्तीच्या सोंडेसारखी एक लांब नळी, तिला सोंडच म्हणतात. नाडा पिशवीच्या तोंडाला आणि वरच्या मोठ्या चाकावरून जातो. सोल सोंडेच्या टोकाला आणि तो खालच्या, विहिरीच्या काठालगतच्या लाटेवरून जातो. दोन्ही दोर बैलांच्या जुवाला. मोट विहिरीत असते तेव्हा सोलामुळे सोंड वर दुमडलेली राहते, म्हणून पाणी सांडत नाही. बैल धावेवरून खाली उतरले की मोट वर येते. पिशवी उंच चाकाकडे जाते, सोंड मात्र खालच्या लाटेवरून बाहेर ओढली जाते, सरळ होते आणि सगळं पाणी धबकन थारोळ्यात. कुणी हात लावायचा नाही. मग बैल मागे सरत वर यायचे आणि रिकामी मोट पुन्हा खाली. एक माणूस आणि एक बैलजोडी, बस्स. सोंड नसलेली साधी मोट असेल तर ती काठावर रिती करायला आणखी एक माणूस लागतो. ही सोंड कुणाच्या डोक्यातून निघाली कुणास ठाऊक, पण ज्याच्या निघाली त्याने कित्येक पिढ्यांचा एकेक माणूस वाचवला. आणि एवढं पाणी इतक्या उंचीवरून रोज एकाच जागी आदळणार म्हटल्यावर तिथे माती टिकणार नाही. म्हणून दगडाचं थारोळं. मला त्या शब्दात ‘थारा’ ऐकू येतो. व्युत्पत्ती म्हणून सांगत नाही, कानाला येतो म्हणून सांगते. वरून पडलेल्या पाण्याला घटकाभर थारा, मग पुढे पाट.

फोन ठेवल्यावर मी कोश काढला. मामा सांगत होता तोच अर्थ तिथे निमूट बसलेला होता. रक्ताचं डबकं हा नंतरचा, लाक्षणिक वापर. मोट गेली, थारोळी बुजली, आणि शब्दाच्या वाट्याला उरला तो लाक्षणिक अर्थ तेवढा. घर पडावं आणि त्याच्या नावाचा बसथांबा मात्र राहावा, तसं काहीसं.

कोश वाचायची सवय मला जाधवपूरला लागली. १९५६ साली बुद्धदेव बसूंनी सुरू केलेल्या तौलनिक साहित्याच्या विभागात मी एम. ए. करत होते, आणि वसतिगृहात मराठी बोलायला कुणी नव्हतं. निघताना वडिलांनी ट्रंकेत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश घातला होता, पुण्याच्या शुभदा-सारस्वतने १९७५ साली पुन्हा छापलेली प्रत. वजनाने तो गव्हाच्या पिशवीसारखा, आणि सुरुवातीला मला तसाच निरुपयोगी वाटला; शिजवणार कशात? पण दुर्गापूजेच्या सुट्टीत सगळ्या मुली घरी गेल्या आणि मी कुठलंही पान उघडून वाचू लागले. घरची आठवण आली की लोक पत्रं लिहितात, मी कोश वाचायचे.

तेव्हा सेमिनारसाठी एक बखर वाचत होते. तिच्यातले फारसी-अरबी शब्द शोधता शोधता रोजच्या बोलण्यातले किती वाक्प्रचार घोड्यावर बसून आलेत ते कळलं. आपण ‘गाशा गुंडाळला’ म्हणतो. गाशा म्हणजे खोगिरावरचं आच्छादन. लेखात ‘खोगीरभरती’ म्हणतो, तर खोगिरात खरोखरच काहीबाही कोंबत असत. पुण्याच्या फरासखान्याला मी लहानपणापासून पोलीस चौकी म्हणून ओळखत होते. तो राज्याच्या अठरा कारखान्यांपैकी एक, जाजमं-बिछायती आणि तंबू ठेवायची जागा. कारखान्यात काही बनवलंच पाहिजे असं नव्हतं, नुसतं सांभाळलं तरी तो कारखाना. आणि ‘दप्तर’! हा शब्द मी मेसच्या टेबलावर उच्चारला तेव्हा बंगाली मैत्रीण म्हणाली, दप्तर म्हणजे सरकारी खातं. बिहारची होती ती म्हणाली, दफ्तर म्हणजे ऑफिस. मी म्हटलं, आमच्याकडे दप्तर सात वर्षांचं पोर पाठीवर घेऊन शाळेत जातं. ग्रीकमधला कातड्याचा शब्द फारसीत वही झाला, वहीची कचेरी झाली, कचेरीचं खातं झालं आणि मराठीत त्याची पुन्हा पिशवी झाली, तीही माझ्या वेळी बरेचदा चामड्याची. त्या रात्री आम्ही तिघींनी आणखी पुष्कळ शब्द टेबलावर मांडले. ‘चेष्टा’ बंगालीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘राग’ हिंदीत गायचा, पण मराठी आणि बंगालीत दोघींनाही यायचा. ‘संसार’ दोघींनाही करायचा. मेसचा माणूस दिवे बंद करून गेला तरी आम्ही उठलो नाही.

शब्द भेटण्याचं सुख म्हणतात ते हेच असावं. पण आता त्या सुखाकडे मी जरा संशयाने बघते. त्याचं कारण सांगण्याआधी त्या कोशाविषयी.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ कंपनीच्या फौजेत पोरवयात आलेला अधिकारी. मराठी शिकताना हाताशी कोश नाही म्हणून स्वतःच शब्द टिपायला लागला. पुढे मुंबई सरकारने ते काम अधिकृतपणे सोपवलं. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ त्याच्या मदतीला होते, आणि १८३१ मध्ये कोशाची पहिली आवृत्ती निघाली. प्रकृती बिघडल्याने १८३६ मध्ये तो मायदेशी गेला. १८५१ मध्ये परत आला तो कोश सुधारायलाच. दुसरी आवृत्ती १८५७ची, तिच्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत. देशभर तोफा चालू असताना मुंबईत कुणीतरी ‘ज्ञ’पर्यंतची मुद्रितं तपासत असणार, या कल्पनेने मला नेहमी गंमत वाटते आणि थोडी भीतीही. त्याच्या कोशात कोकणातला शब्द, देशावरचा शब्द, बायकांच्या तोंडचा, गावंढळ ठरवलेला, असे शेरे जागोजागी आहेत. शुद्ध मराठीपेक्षा चालती मराठी पकडायची त्याला हौस होती, म्हणून तर पावणेदोनशे वर्षांनीही तो उघडला जातो.

पण मोल्सवर्थ एकटा नव्हता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, गंगाधरशास्त्री फडके, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले ही मंडळी त्याच काळात मराठीचा मराठीतच कोश रचत होती. तो १८२९ मध्ये, मोल्सवर्थच्या आधी, छापून झाला. मोल्सवर्थच्या कामामागेही ब्राह्मण पंडितांचीच पंगत होती. शब्द जमवणारे ते आणि शब्द चालतो की नाही ते ठरवणारेही ते. यात आश्चर्य नाही, त्या काळी लिहिता-वाचता येणारे आणि सरकारच्या हाताशी असलेले तेच होते. मला पडलेला प्रश्न साधा आहे. नाडा, सोल, धाव, थारोळं हे शब्द या पंडितांना कुणी सांगितले? शास्त्रीबुवा स्वतः काही मोट हाकत नव्हते. कुणीतरी कुणब्याला हाक मारून विचारलं असणार, ‘ए, याला काय म्हणता रे?’ त्या कुणब्याचं नाव कोशाच्या कुठल्याही पानावर नाही. मामाचं नाव माझ्या अनुवादाच्या ऋणनिर्देशात घालता येईल. तेवढी सोय आता झाली आहे.

पुढे य. रा. दाते, चिं. ग. कर्वे आणि सहकाऱ्यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग काढले. तोवर त्र्यं. ना. आत्रे यांचं ‘गांव-गाडा’ १९१५ मध्ये येऊन गेलं होतं आणि जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ त्याहीपूर्वी, १८८३ मध्ये, लिहून पुरा केला होता. शेतकऱ्याच्या घरातल्या, गोठ्यातल्या, शिवारातल्या वस्तूंची नावं वाचायची असतील तर मी कोशाआधी ही दोन पुस्तकं सांगेन. कोशात शब्द सुटा भेटतो, इथे तो कामावर असलेला भेटतो. आणि कामावर असलेला शब्द भेटला की ते काम कुणी केलं हेही कळतं.

माझ्या वहीत मामाच्या शब्दांपुढे मी ती माणसं लिहिली. मेलेलं जनावर गावाबाहेर ओढून नेणारा महार. कातडं कमावणारा ढोर. मोट शिवणारा चांभार. वाख आणि अंबाडी वळून नाडा-सोल करणारा मांग. चाक आणि कणा घडवणारा सुतार. एवढ्या हातांनी ती मोट झाली, आणि त्यांतल्या पहिल्या चार हातांना त्या विहिरीचं पाणी काढायची मुभा नव्हती. त्यांनी कमावलेलं आणि शिवलेलं कातडं दिवसभर विहिरीत बुडत होतं, त्याने विहीर बाटत नव्हती. फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ मध्ये अस्पृश्यांना खुला केला. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने मान्य केला. तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ला डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. हे सगळं मला पाठ होतं, प्रश्नोत्तरासारखं. पण थारोळ्याशी मी ते जोडलं नव्हतं.

दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा मी मामाला विचारलं, “थारोळ्यावर पाणी प्यायला कोण यायचं?”

“कोणबी. वाटसरू. पाणी लई गोड.”

“कोणीही?”

तो जरा थांबला. “म्हारवाड्यातली असत्याल तर ती खाली दंडाला. थारोळ्याला न्हाई.” आणि मग, मी काहीच न विचारता, “आमी काय म्हनत न्हवतो. त्यास्नीच ठावं असायचं.”

मी वहीत तसंच लिहून घेतलं. मामा मला फार आवडतो. त्याने माझ्या आईला शिकवलं, म्हणून मी शिकले. तो वाक्य बदलेल म्हणून मी थोडा वेळ काही बोलले नाही. तो म्हणाला, “पाऊस हाय का तिकडं?”

त्यानंतर कादंबरीतलं ते पान मी पुन्हा वाचलं. मुलगा वाकून तोंड धुतो असं मी लिहिलं होतं, ते बरोबर होतं. पण मूळ कन्नडमध्ये त्याच परिच्छेदात, दोन वाक्यांनंतर, दुसरा एक मुलगा येतो आणि तो खाली ओणवा होऊन पाणी पितो. ‘खाली’ हा शब्द मी ‘तिथेच’ म्हणून गिळला होता. माझ्या डोळ्यांपुढे एकच हौद होता, त्यात वर काय आणि खाली काय? थारोळं आणि दंड हे दोन शब्द हातात आल्यावर तो परिच्छेद दोन भागांत फाटला. लेखकाने जातीचं नाव कुठेही घेतलेलं नाही. घ्यायची गरज नव्हती, त्याच्या वाचकाला मुलगा कुठे ओणवा झाला यावरूनच कळत होतं. ‘हौद’ म्हणून मी अनुवाद केला असता तर तो सुबोध झाला असता आणि त्या दोन मुलांना मी एकाच पाण्यावर आणून सोडलं असतं, प्रत्यक्षात जे झालं नाही ते एका सोप्या शब्दाने करून. अनुवादात अपरिचित शब्द ठेवावा की नाही, यावर परिसंवादात मी बरंच बोलले आहे. त्यातलं बहुतेक सगळं लज्जतीविषयी होतं.

संपादकांना हे पटायला वेळ लागला. ते माझ्याहून तरुण आहेत आणि त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. ‘थारोळं’ म्हटलं की आजच्या वाचकाला रक्त दिसणार. पहाटेचा प्रसंग, मुलगा, बैल, आणि मध्येच हा शब्द. वाचक दचकेल, मागे जाऊन कुणाचा खून झाला ते शोधेल. तळटीप द्या, ते म्हणाले. तळटीप दिली की शब्द वस्तुसंग्रहालयात जातो, मी म्हटलं. मग तीन आठवडे आमच्यात मेल चालल्या. शेवटी शब्दाआधी एक वाक्य वाढवायचं ठरलं. मोटेची सोंड सुटते आणि पाणी दगडावर आदळतं, एवढं आधी दाखवायचं आणि मग थारोळं. मूळात नसलेलं वाक्य घातलं म्हणून मला आजही थोडं टोचतं. मूळ लेखकाला विचारून घातलं, तरीही.

राजव्यवहारकोशाची आठवण या निमित्ताने झाली. शिवाजी महाराजांनी तो १६७७च्या सुमारास करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. त्याच्या बाजूने पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, आणि पेशव्यांच्या शिक्क्यातही ‘मुख्य प्रधान’च कोरलं गेलं. लोक मात्र त्यांना पेशवे म्हणत राहिले आणि आपणही तेच म्हणतो. तो प्रधान पुढे कधीतरी पंतप्रधान होऊन दिल्लीला गेला ही गोष्ट वेगळी. म्हणजे राजाने हुकूम दिला तरी शब्द ऐकेलच असं नाही. मग संपादकाचं किंवा माझं काय चालणार? ‘थारोळं’ रक्ताकडून काढून पाण्याला परत देणं एका कादंबरीच्या तीन पानांना जमणार नाही. मामाच्या गावातली शेवटची मोट किर्लोस्करांचं इंजिन आलं तेव्हा सुटली. थारोळ्याचे दगड, तो म्हणतो, कुणीतरी घराच्या पायरीला नेले.

मुद्रितं आली तेव्हा त्या पानावर तपासनिसाने पेन्सिलीने ‘थारोळ्यात’खाली रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं: कोणाचे रक्त?

मी खाली ‘पाणी’ एवढंच लिहिलं आणि पान परत पाठवलं. मग मामाला फोनवर तो सगळा परिच्छेद वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकला. दंडावरच्या मुलाचं वाक्य आलं तेव्हा काहीच बोलला नाही. शेवटी म्हणाला, “बैल वळले असं का लिव्हलंयस? मोटंचं बैल वळवत न्हाईत. मागं सारत्यात.” ती दुरुस्ती करायला मी पान पुन्हा मागवलं.